घर मालकाचं, सामान आपलं

मी दुसरबीडहून बोलतेय. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते, त्यामुळं माझा आवाज तुमच्यातल्या बऱ्याच जणींच्या ओळखीचा असेल. माझा आवाज ऐकला की हप्त्याची आठवण होते, असंही काही जणी म्हणतात. आजही हप्त्याबद्दलच बोलायचंय, पण कर्जाच्या नाही, विम्याच्या. किरायाच्या घरात राहणाऱ्या माणसानं आपल्या सामानाचा विमा घ्यावा का, आणि घ्यायचा तर काय बघून घ्यावा, हा आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, गावात किरायानं राहतं कोण? मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत मी हात वर करायला सांगितले. तेरा बायांमध्ये स्वतः किरायानं राहणाऱ्या दोघीच निघाल्या. मग विचारलं, कोणाचं लेकरू बाहेरगावी खोली करून राहतं? नऊ हात वर. कोणाचा मुलगा-सून वाळूजला कंपनीत, कोणाचा जावई चाकणला, कोणाची मुलगी पुण्यात शिकायला. आणि दोघींनी बसस्टँडजवळ गाळा किरायानं घेऊन शिलाईचं दुकान टाकलेलं. म्हणजे किराया आपल्या जवळजवळ प्रत्येक घरातून कुठं ना कुठं जातोच आहे.

त्याच बैठकीत एक काकू म्हणाल्या, "किरायाच्या घराला काहून विमा पाहिजे? जळलं तर मालकाचं जळंल." बाकीच्या हसल्या. पण काकूंच्या बोलण्यातच सगळा विषय आला. घर मालकाचं, हे खरं. भिंती, छत, दारं-खिडक्या त्याच्या. पण आतला फ्रिज, कूलर, कपाट, गादी, भांडीकुंडी, लग्नातल्या साड्या, लेकरांची पुस्तकं कोणाची? मालकानं विमा काढला असला तरी तो त्याच्या घराचा असतो. त्यातून किरायदाराच्या ताटवाटीलाही पैसा मिळत नाही.

आपल्या भागातल्या एका जोडप्याचं सांगते, नाव सांगत नाही. दोघं वाळूजला एका चाळीत राहायचे, सहा खोल्या, वर टिनं. शेजारच्या खोलीत रात्री वायर जळाली आणि आग तीन खोल्यांत पसरली. देवाची कृपा, माणसं वाचली. मालकानं बांधकामासाठी बँकेचं कर्ज घेतलेलं होतं, आणि बँकेनं कर्ज देतानाच इमारतीचा विमा काढून घेतला होता. त्याला बांधकामाचे पैसे मिळाले, चार महिन्यांत खोल्या पुन्हा उभ्या राहिल्या. या दोघांना काय मिळालं? अनामत परत मिळाली, तीही लाईट बिल कापून. फ्रिज हप्त्यावर घेतला होता, त्याचे सात हप्ते बाकी होते. फ्रिज गेला, हप्ते राहिले. आणि सुनेची शिलाई मशीन इथल्या गटाच्या कर्जातून घेतलेली. ते कर्ज सासूच्या नावावर होतं. सासूनं मजुरी करून आठ महिने त्या जळालेल्या मशीनचे हप्ते भरले. त्या गटाची वही मी तपासते, म्हणून मला माहीत आहे.

आता विमा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? पहिला पीकविमा. २०२३ साली एक रुपयात सुरू झाला, २०२५ ला ती सवलत बंद झाली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. दुसरा, बँकेच्या खात्यातून दरवर्षी कापले जाणारे २० रुपये आणि ४३६ रुपये. २० रुपयांचा सुरक्षा विमा अपघाती मृत्यूसाठी आणि अपघातानं येणाऱ्या अपंगत्वासाठी, ४३६ चा जीवनज्योती कोणत्याही कारणानं झालेल्या मृत्यूसाठी, दोन्हींत २ लाखांपर्यंत. तिसरी एलआयसी. ही सगळी माणसाची किंवा पिकाची सोय आहे. घरातल्या सामानाला यातलं काहीच लागू नाही. एलआयसी तर सामानाचा विमा विकतच नाही, तो तिचा धंदाच नाही. म्हणून एलआयसीच्या एजंटाला हे विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर असा विमाच नसतो असं समजू नका.

कोणी म्हणेल, सरकार मदत करतंच की. करतं. २२ जुलै २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पूर आला, घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी तलाठी पंचनामा करतात आणि मदत मिळते. पण किती, ते ऐका. केंद्राच्या २०२२ पासूनच्या निकषांत घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं, तर कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० रुपये आणि भांडीकुंडी व घरसामानासाठी २,५०० रुपये. राज्य सरकार कधी कधी त्यात भर घालतं. पडलेल्या घराची मोठी रक्कम असते, ती घराच्या मालकाला. किरायदाराच्या वाट्याला पाच हजारांची गोष्ट. त्यात नुसती एक गादी आणि थोडी भांडी येतात.

मग असा विमा आहे का? आहे. त्याचं नाव "भारत गृह रक्षा". विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे सगळ्या विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, हा नमुना ठरवून दिला आणि १ एप्रिल २०२१ पासून आगीचा विमा विकणाऱ्या सगळ्या साधारण विमा कंपन्यांना तो विकणं बंधनकारक केलं. न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या आहेत, शिवाय खाजगी आहेत. मूळ अटी सगळीकडं सारख्याच. हप्ता मात्र कंपनीप्रमाणं कमीजास्त, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारायला हरकत नाही.

या विम्यात घर आणि घरातलं सामान असे दोन भाग आहेत. घरमालक दोन्ही घेऊ शकतो. किरायदारानं फक्त सामानाचा भाग घ्यायचा. अर्ज करताना हे स्पष्ट बोला, "मला फक्त घरातल्या सामानाचा पाहिजे, घर किरायाचं आहे." नाही तर एखादा एजंट घराचाही हप्ता लावून देईल. जे आपलं नाही त्याचा हप्ता आपण कशाला भरायचा?

आग, वीज पडणं, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल, टाकी फुटून किंवा भरून वाहिल्यामुळं झालेलं नुकसान, गाडी येऊन घरावर आदळणं, एवढं त्यात येतं. सामान म्हणजे फर्निचर, टीव्ही, फ्रिज, स्वयंपाकघरातल्या वस्तू, कपडे वगैरे. दोन-तीन लाखांच्या सामानाला वर्षाचा हप्ता सहसा काही शेकड्यांत असतो. त्यात जास्तीचं काही जोडलं की वाढतो.

इथपर्यंत ऐकून चांगलं वाटतं. पण एजंट ज्या गोष्टी हळू आवाजात सांगतो, त्या मी मोठ्यानं सांगणार आहे.

पहिली चोरी. या विम्यात चोरी आहे, पण कशी? आग लागली किंवा पूर आला, आणि त्या गडबडीत, त्या घटनेपासून ७ दिवसांच्या आत सामान चोरीला गेलं, तरच. तुम्ही दिवाळीला गावी आलात आणि मागं कुलूप तोडून चोरी झाली, तर या विम्यातून काही मिळणार नाही. त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यातही कुलूप किंवा दार तोडल्याची खूण आणि पोलिसांत नोंद मागतात. मुलीच्या खोलीत पाच जणी राहतात, दार उघडंच असतं, टेबलावरचा मोबाईल गेला, तर त्यात तो बसणार नाही.

दुसरं सोनं. आपल्या घरात खरा पैसा तिथंच असतो, खरं ना? साध्या सामानाच्या विम्यात सोनं-चांदी धरत नाहीत. दागिन्यांसाठी जास्तीचा भाग घ्यावा लागतो आणि दागिन्यांची किंमत सांगावी लागते. सोन्याच्या बिस्किटाला, सुट्या खड्यांना तोही लागू नाही. आणि नगद पैशाला तर नाहीच. हे गटाच्या अध्यक्ष आणि सचिवांनी नीट ऐका. बऱ्याच गावांत बैठकीचे पैसे दोन-तीन दिवस पेटीत, कपाटात राहतात. ते जळाले तर कोणताही सामानाचा विमा भरून देणार नाही. वह्या-कागदांनाही भरपाई नाही. पैसे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत गेले पाहिजेत, आणि वहीच्या पानांचा फोटो दोघींच्या मोबाईलमध्ये असला पाहिजे.

तिसरं विजेचं. आपल्याकडं लाईटीचा दाब कमीजास्त होतो, टीव्ही जळतो, कूलरची मोटर जाते. शॉर्टसर्किटनं किंवा जास्त दाबानं जी वस्तू स्वतःच जळाली, तिचे पैसे मिळत नाहीत. पण तिच्यातून आग पसरून कपाट, गादी, कपडे जळाले, तर त्या बाकीच्या सामानाचे मिळतात. हा फरक माहीत नसला की माणूस म्हणतो, विमा कंपनीनं फसवलं. फसवणूक कधी कधी होतेही, पण ही त्यातली नव्हे, ही अटच आहे.

चौथी गोष्ट आपल्या कामाची, म्हणून थोडी सावकाश सांगते. घरसामानाच्या विम्यात धंद्याचं सामान येत नाही. घरची शिलाई मशीन, जिच्यावर आपण आपलेच कपडे शिवतो, ती वेगळी. आणि जिच्यावर गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवतो, शेजारी लोकांच्या साड्या फॉल-पिकोला ठेवलेल्या असतात, ती वेगळी. पापड-मसाल्याचं यंत्र, पिठाची गिरणी, दुकानातला माल, हे सगळं धंद्याचं. त्यासाठी दुसरा विमा आहे, "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा". तोही १ एप्रिल २०२१ पासूनचाच, लहान धंद्यांसाठी. नावात उद्यम आहे म्हणून घाबरू नका, एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या कोणत्याही धंद्याला तो आहे. आपली मालमत्ता ५० हजार का असेना. माझं मत विचाराल तर गटाच्या कर्जातून मशीन घेणाऱ्या बाईनं आधी हा विमा घ्यावा, घरातल्या टीव्हीचा नंतर. कारण मशीन गेली की कमाईही जाते, हप्ता मात्र थांबत नाही. आणि मशीनचं बिल स्वतःच्या नावानं करून घ्या. नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावाचं बिल असलं, की भरपाईच्या वेळी वस्तू कोणाची यावरून घोळ होतो.

आता रक्कम किती लिहायची? एजंट विचारतो, "ताई, दोन लाख लिहू की पाच?" आपण म्हणतो, लिहा काहीही. असं करू नका. एक दुपार काढा आणि घरात फिरून यादी करा. मी एका किरायानं राहणाऱ्या मैत्रिणीकडं बसून केली होती. ती म्हणाली, माझ्याकडं काय आहे, पंधरा-वीस हजारांचं असेल. मग लिहीत गेलो. फ्रिज १६ हजार, टीव्ही १४, वॉशिंग मशीन १२, कूलर ७, कपाट ९, पलंग-गाद्या १२. शेगडी, मिक्सर, कुकर आणि सगळी भांडी मिळून १५. घरातल्या चौघांचे कपडे २० हजार, साड्या धरून. बेरीज १ लाख ५ हजार. तिला खरंच वाटेना. आज ती वस्तू पुन्हा दुकानातून आणायची तर काय पडेल, तो भाव लिहायचा, दहा वर्षांपूर्वी काय पडली तो नाही. आणि उगाच वाढवूनही लिहायचं नाही. भरपाई झालेल्या नुकसानीपुरती मिळते, जास्तीचा हप्ता मात्र फुकट जातो.

यादी झाली की प्रत्येक खोलीचा मोबाईलवर फोटो काढा, कपाटाचं दार उघडून. बिलांचेही फोटो. आणि हे फोटो त्याच घरात ठेवू नका, आईला, बहिणीला पाठवून द्या. मुलगा पुण्यात राहत असेल तर त्याच्या खोलीचे फोटो तुमच्या मोबाईलमध्ये पाहिजेत, कारण आगीत मोबाईलही जातो.

घेण्याआधी विचारायच्या काही गोष्टी आहेत. भरपाईतून आधी काही रक्कम कापता का, किती? खोली राहण्यासारखी राहिली नाही तर दुसरीकडच्या किरायासाठी काही मिळतं का? घर बदललं तर काय करायचं? हा शेवटचा प्रश्न किरायदारासाठी सगळ्यात मोठा. विमा पत्त्याला बांधलेला असतो. अकरा महिन्यांनी खोली बदलली आणि कंपनीला कळवलं नाही, तर नव्या खोलीतल्या सामानाला विमा नाही, हप्ता भरलेला असला तरी. म्हणून खोली बदलायच्या आधी लेखी कळवा आणि कंपनीकडून पत्ता बदलल्याचा कागद घ्या. भिंती-छत कशाचं आहे तेही खरंच सांगा. टिनाचं असेल तर टिनाचं. कच्च्या बांधकामातल्या सामानाचा विमा घ्यायला कंपन्या मागंपुढं पाहतात. ज्या माणसाच्या छपराला सगळ्यात आधी आग लागते, त्यालाच विमा मिळायला सगळ्यात जास्त त्रास, हे मला पटत नाही. पण खोटं लिहून घेतलेला विमा ऐन वेळी उपयोगी पडत नाही, हेही तितकंच खरं.

परदेशात, अमेरिकेसारख्या ठिकाणी, घर किरायानं देताना बरेच मालक किरायदाराला आधी असा विमा दाखवायला सांगतात. आपल्या इकडं कोणी मागत नाही, म्हणून तो आहे हेच कळत नाही.

सगळ्यांनीच घ्यावा असं मी म्हणत नाही. वसतिगृहात एक पेटी आणि चार पुस्तकं घेऊन राहणाऱ्या मुलीला याची गरज नाही. तिच्या आईनं आधी स्वतःचा २० रुपयांचा विमा चालू आहे का ते पासबुकात बघावं. पण संसार मांडून बसलेलं जोडपं, हप्त्यावर वस्तू घेतलेलं घर, किरायाच्या गाळ्यात मशीन टाकलेली बाई, यांनी जरूर विचार करावा.

आता गॅसचं सांगते, कारण यात एक पैसाही भरावा लागत नाही. गॅस कंपन्यांनी आपल्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो. गॅसमुळं अपघात झाला तर मृत्यूसाठी माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि एका अपघातासाठी सगळे मिळून ३० लाखांपर्यंत, आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी एका अपघातामागं २ लाखांपर्यंत. मालमत्तेची भरपाई मात्र ग्राहकाच्या नोंदवलेल्या पत्त्यावरच्या नुकसानीला असते. आणि आपण काय करतो? कनेक्शन दुसरबीडच्या पत्त्यावर, टाकी मुलाच्या खोलीत चाकणला. किंवा चौकातून बेकायदा भरून आणलेली छोटी टाकी. तिथं काही झालं तर नुकसानीचे हे २ लाख अडकतात. म्हणून लेकरं जिथं राहतात तिथं कनेक्शन बदली करून घ्या. घरमालक किरायाचा कागद द्यायला कां-कूं करतो, पण या कामासाठी आणि विम्यासाठीही भाडेकराराचा कागद लागतो. तो मागायला लाजू नका. गॅस गळतीचा वास आला तर १९०६ हा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो.

आणि नुकसान झालंच तर? आग असेल तर अग्निशमन आणि पोलीस, दोन्हीकडं नोंद. पुरात तलाठ्याचा पंचनामा. विमा कंपनीला त्याच दिवशी फोन, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. जळालेलं सामान सर्वेअर बघून जाईपर्यंत फेकू नका. आपल्या बायांना घर लगेच झाडून काढायची सवय, नेमका पुरावा कचऱ्यात जातो. झाडायलाच लागलं तर आधी फोटो काढा.

कंपनीनं दावा नाकारला किंवा उत्तरच दिलं नाही, तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी द्या. नियामक प्राधिकरणाचा फोन १५५२५५, पैसे लागत नाहीत. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्याला आहे, तक्रार पोस्टानं किंवा ऑनलाइन पाठवता येते. फी नाही आणि वकीलही लागत नाही. नाकारल्याचं पत्र आलं तर ते मात्र जपून ठेवा.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांची लेकरं बाहेर राहतात त्यांनी गॅसचं पुस्तक आणा, त्यावरचा पत्ता आपण सगळ्या मिळून बघू. ज्यांच्याकडं गटाच्या कर्जाची मशीन आहे त्यांनी तिचं बिल आणा. बिल सापडत नसेल तर आजच दुकानदाराकडं जाऊन दुसरी प्रत मागा, तो बहुतेक देतो.